ड्रॅगसाठी क्राउन-पिनियन कोणता? हिशोब शेवटच्या रेषेपासून सुरू करा

नागपुरात एखाद्याने रिअर-व्हील गाडी ड्रॅगसाठी, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठी, बनवायला काढली, की चहाच्या टपरीवर पहिला सल्ला ठरलेला: "मोठा रेशो टाक, गाडी उडते." रेशो म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन आणि पिनियन या गिअरजोडीचा आकडा: चाकं एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो तो. दुसरा सल्ला कुणाच्या तरी मित्राच्या गाडीचा आकडा असतो. तो आकडा त्या गाडीच्या टायरसाठी, त्या गिअरबॉक्ससाठी आणि त्या इंजिनाच्या ताकदीसाठी बरोबर असेलही, पण तुमच्या गाडीशी त्याचा काही संबंध नसतो. रेशो ठरवायला एक मेजरिंग टेप, खडू आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. लोक हे काम उलट्या टोकाने करतात, म्हणजे सुटतानाचा धक्का डोळ्यांसमोर ठेवून रेशो निवडतात. हिशोब ४०२ मीटरच्या रेषेवरून मागे यायला हवा.

आधी हे तुमच्यासाठी आहे का ते पाहा

हा सगळा प्रकार मागच्या चाकांवर चालणाऱ्या, मागे हाउसिंग (क्राउन-पिनियनचं लोखंडी कवच) असलेल्या गाड्यांचा आहे: अँबेसेडर, काँटेसा, पद्मिनी, ओम्नी, जिप्सी, बोलेरो, स्कॉर्पिओ, क्वालिस, इनोव्हा. स्विफ्ट किंवा पोलोसारख्या गाडीत फायनल ड्राइव्ह, म्हणजे हीच शेवटची गिअरजोडी, गिअरबॉक्सच्या पोटात असतो. खालची गणितं तिथेही लागू पडतात, पण काम वेगळं आणि खर्चाचं.

जिप्सी, थार किंवा कुठलीही फोर-बाय-फोर असेल तर एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा. फक्त मागचा रेशो बदलला आणि पुढचा तसाच ठेवला, तर फोर-व्हील लावता येणार नाही. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशोबाने फिरायला बघतील, आणि ट्रान्सफर केसचा (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीचा) किंवा एखाद्या शाफ्टचा जीव जाईल. एक तर दोन्ही बदला, नाही तर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट उतरवून ठेवा.

जवळ काय काय हवं

- जॅक, दोन मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), चाकांना लावायला ओंडके किंवा दगड
- खडू, मेजरिंग टेप, हवेचा गेज
- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, निदान गिअरबॉक्सच्या रेशोंचं पान
- डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद असेल तर उत्तम. नसेल तर ताकद किती हे कमीत कमी धरून चला.
- फिटिंगच्या वेळी: डायल गेज, शिमचा (बारीक चकत्यांचा) सेट, मार्किंगचा निळा रंग, टॉर्क रेंच, नवीन बेअरिंग, सील आणि क्रश स्लीव्ह
- कागद: ड्रायव्हिंग लायसन्स, आरसी, एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचं) स्पर्धेचं लायसन्स, आणि ज्या स्पर्धेत उतरणार तिची नियमावली

नियमावली मी शेवटी लिहिली असली तरी वाचायची सगळ्यात आधी. काही क्लासमध्ये फायनल ड्राइव्ह बदलायला परवानगी नसते. हाउसिंग उघडून झाल्यावर हे कळलं तर कपाळावर हात मारण्यापलीकडे काही उरत नाही.

आणि कायद्याचंही आत्ताच सांगून टाकतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आऊटर रिंग रोड रात्री कितीही मोकळा दिसला तरी तो रस्ताच आहे, आणि समोरून बिनलाइटचा ट्रॅक्टर येतो तो आधी कळवून येत नाही. गाडीच्या विम्यातही शर्यत आणि वेग-चाचणी वगळलेली असते. ड्रॅग करायचं तर बंद पट्टीवर, आयोजित स्पर्धेत. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या आहेत.

१. आत्ता गाडीत कोणता रेशो आहे ते मोजा

आरसीवर हा आकडा नसतो. हाउसिंगवर कधी रेशो लिहिलेली पट्टी असते, पण वीस वर्षांच्या गाडीत आतला माल कुणी कधी बदलला याचा भरवसा नाही. त्यामुळे मोजा.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. म्हणजे गाडीला धरून ठेवणारं दुसरं काहीच नाही, हे लक्षात असू द्या. ओंडके नीट बसल्याशिवाय जॅकला हात लावू नका. आता मागचं एकच चाक उचला आणि हाउसिंगखाली घोडी द्या. दुसरं मागचं चाक जमिनीवरच राहू द्या, त्यालाही ओंडका लावा. उचललेल्या चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. चाक २० वेळा फिरवा, आणि एकाने शाफ्टचे फेरे मोजा.

एक चाक अडलेलं असलं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची रचना) फिरणाऱ्या चाकाला दुप्पट फिरवतं. म्हणून चाकाचे २० फेरे म्हणजे क्राउनचे १०. शाफ्ट ३९ वेळा फिरला तर रेशो ३.९; ४३ वेळा फिरला तर ४.३. एकदाच फिरवून "साडेतीन-चारच्या मध्ये" असं सांगणारे भेटतील. तेवढ्याने ३.७३ आणि ३.९ मधला फरक कळत नाही, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे.

ही पद्धत साध्या, उघड्या डिफरन्शियलसाठी. आत एलएसडी (दोन्ही चाकांना ओढ देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) किंवा वेल्ड केलेलं डिफ असेल तर एक चाक अडवून दुसरं फिरणारच नाही. मग दोन्ही चाकं उचला, दोन्ही घोड्यांवर घ्या आणि चाकाचे १० फेरे द्या. शाफ्टच्या फेऱ्यांना १० ने भागा.

हाउसिंग उघडलेलंच असेल तर सरळ दाते मोजा. क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते. ४३ आणि १० म्हणजे ४.३. ४१ आणि ११ म्हणजे ३.७३. ३९ आणि ११ म्हणजे ३.५५.

आकडा मोठा झाला की ओढ वाढते आणि प्रत्येक गिअरचा टॉप कमी होतो. आकडा लहान झाला की याच्या उलट.

२. टायर एका फेऱ्यात किती चालतो

टायरवरच्या आकड्यांवरून घेर काढता येतो. २०५/६०आर१५ घ्या. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. बाजूची उंची २०५ च्या ६० टक्के म्हणजे १२३ मिमी, ती वर आणि खाली मिळून २४६. एकूण व्यास ६२७ मिमी, घेर १.९७ मीटर.

पण गाडीच्या वजनाने टायर खाली बसतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो सुमारे ३ टक्के कमी चालतो. म्हणून कागदावर विसंबू नका. स्पर्धेत ठेवणार तेवढीच हवा भरा, ड्रायव्हर आत बसवा, टायरला आणि जमिनीला खडूची रेघ मारा, गाडी चाकाच्या ५ फेऱ्यांइतकी ढकला आणि अंतराला ५ ने भागा. आपल्या उदाहरणात हा आकडा १.९१ मीटर येतो असं धरू. ड्रॅग रेडियलला (ड्रॅगसाठीच्या जास्त पकडीच्या टायरला) हवा कमी ठेवणार असाल तर मोजणीही त्याच हवेवर हवी.

३. रेषेवर गाडी किती वेगात असेल?

सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे. गाडी आधी पळाली असेल आणि टाइम स्लिप (धावेच्या आकड्यांची चिठ्ठी) हातात असेल, तर त्यावरचा ट्रॅप स्पीड, म्हणजे रेषेवरचा वेग, घ्या; अंदाजाची गरज नाही. नसेल तर वजन आणि ताकदीवरून अंदाज येतो:

रेषेवरचा वेग (किमी/तास) = २८९ × घनमूळ (एचपी ÷ वजन किलोमध्ये)

वजन ड्रायव्हर आणि पेट्रोलसकट. वजनकाट्यावर गाडी नेऊन घ्या. वाडी, कळमना भागात काट्यांना तोटा नाही. आकडा मनाने धरला की तो हमखास शंभर किलो कमी धरला जातो.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. जुनी काँटेसाच्या अंगाची सेडान, टर्बो टाकलेलं पेट्रोल इंजिन, १६० एचपी, वजन ११५० किलो. १६० भागिले ११५० म्हणजे ०.१३९, त्याचं घनमूळ ०.५१८, गुणिले २८९ म्हणजे जवळपास १५० किमी/तास. ताकद साधी असेल तर हा आकडा झपकन उतरतो: ८०० किलोच्या, ४० एचपीच्या गाडीचा वेग रेषेवर साधारण १०६ येतो.

इथे एक नागपुरी शंका हमखास निघते. "मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री असतं, इंजिन मरते, मग उन्हाळ्याचा रेशो वेगळा नको का?" २५ डिग्रीच्या हवेपेक्षा ४५ डिग्रीची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते, म्हणजे ताकदही ढोबळमानाने तेवढीच जाते. पण घनमुळामुळे रेषेवरचा वेग २ टक्केच उतरतो: १५० चा १४७. त्यासाठी कुणी हाउसिंग उघडत नाही. टर्बो गाडीत इंटरकूलर तापला तर फटका जास्त बसतो, पण त्याचं औषध इंटरकूलरपाशी आहे, क्राउनमध्ये नाही. गणित करताना थंड सकाळ धरावी, कारण वेग जास्त आला तर इंजिन लिमिटरवर (आरपीएमच्या ठरवलेल्या शेवटच्या हद्दीवर) जाऊन आपटण्याची भीती असते.

४. कोणत्या गिअरमध्ये आणि किती आरपीएमवर रेषा ओलांडायची?

खरा निर्णय हा. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी.

इंजिनाची कमाल ताकद ज्या आरपीएमवर येते त्याच्या २०० ते ४०० पुढे रेषा यावी, आणि लिमिटर तिथून निदान २००-३०० दूर असावा. आपल्या इंजिनाची कमाल ताकद ६२०० वर, लिमिटर ६८०० वर. तर रेषा ६५०० वर.

सूत्र असं:

ॲक्सल रेशो = आरपीएम × टायरची चाल (मीटर) × ०.०६ ÷ (वेग × त्या गिअरचा रेशो)

गिअरबॉक्स असा धरू: पहिला ३.५, दुसरा २.०, तिसरा १.४, चौथा १.०, पाचवा ०.८५.

चौथ्यात रेषा ओलांडायची तर: ६५०० × १.९१ × ०.०६ ÷ (१५० × १.०) = ४.९७.
तिसऱ्यात ओलांडायची तर: तेच, भागिले (१५० × १.४) = ३.५५.

एकाच गाडीची दोन उत्तरं आली, आणि दोन्ही बरोबर आहेत. आता मधला, सगळ्यांचा लाडका ४.३ टाकून पाहा. तिसरा गिअर १२४ ला संपतो, चौथ्यात टाकावं लागतं, आणि रेषेवर इंजिन ५६३० वर असतं, म्हणजे कमाल ताकदीच्या बरंच अलीकडे. ३.९ टाकला तर आणखी वाईट: तिसरा १३६ ला संपतो, रेषा तोंडावर आलेली असताना शिफ्ट मारावी लागते आणि चौथ्यात इंजिन ५१०० वर कण्हत रेषा ओलांडतं. त्या शिफ्टमधून काहीच पदरात पडत नाही.

शिफ्ट फुकट नसते. नवख्या हाताला एका शिफ्टला अर्धा सेकंद सहज लागतो, आणि तेवढा वेळ इंजिन चाकांना काहीच देत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या मोसमात एक शिफ्ट वाचवणारा रेशो घ्या. इथे तो ३.५५. चौथ्याची गंमत हात बसल्यावर.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ॲक्सल रेशो बदलल्याने गिअरमधली अंतरं बदलत नाहीत. या गिअरबॉक्समध्ये ६५०० वर पहिल्यातून दुसऱ्यात टाकलं की इंजिन ३७०० वर पडणारच, मागे ३.५ असो की ५. टर्बो तिथे झोपत असेल तर दुखणं गिअरबॉक्सचं आहे, आणि क्राउन बदलून ते जाणार नाही.

डिझेलवाल्यांसाठी त्याच सूत्राचं दुसरं उदाहरण. २००० किलोची एसयूव्ही, रीमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) १८२ एचपी, रेषेवर १३० चा वेग, टायर २३५/६५आर१७, त्याची चाल २.२५ मीटर, ताकद ४२०० पर्यंत. चौथ्यात, १.० वर: ४२०० × २.२५ × ०.०६ ÷ १३० = ४.३६. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरतो, म्हणून रेषेवरचा आरपीएम या हिशोबापेक्षा काही टक्के वर दिसेल. तेवढी जागा सोडा.

५. आता सुटतानाचा हिशोब तपासा

रेषेकडून आकडा आला. तो पहिल्या गिअरमध्ये टायरला झेपतो का, हे आता बघायचं.

चाकावरची ओढ (किलो) = टॉर्क (किलो-मीटर) × पहिला गिअर × ॲक्सल रेशो × ०.८५ ÷ टायरची त्रिज्या (मीटर)

०.८५ हा वाटेत जाणाऱ्या नुकसानीचा ढोबळ आकडा. त्रिज्या म्हणजे टायरची चाल भागिले ६.२८, आपली ०.३०४. टॉर्क २० किलो-मीटर धरू.

- ३.५५ ला: ६९५ किलो
- ४.३ ला: ८४२ किलो
- ४.९७ ला: ९७० च्या घरात

गाडी सुटताना वजन मागे झुकतं. ११५० पैकी ६० टक्के मागच्या चाकांवर आलं तर ६९० किलो. चांगल्या पकडीच्या टायरला चांगल्या पट्टीवर साधारण तेवढीच ओढ जमिनीत देता येते, आणि धावपट्टीवरच्या साध्या रोड टायरला त्याहून कमी. म्हणजे ३.५५ वरच आपण काठावर आहोत. ४.९७ लावला तर पहिल्या गिअरमध्ये फक्त धूर. मोबाइलवर व्हिडिओ झकास येतो, वेळ येत नाही. शिवाय क्लच झटक्यात सोडला की फिरत्या फ्लायव्हीलचा जोर या आकड्यांच्या वर येतो, तो वेगळा.

४० एचपीच्या गाडीत चित्र उलटं असतं. तिथे टायर सुटण्याचा, म्हणजे पकड सोडून जागीच फिरण्याचा, प्रश्नच नसतो, इंजिनच दम टाकतं. तिला मोठा आकडा मानवतो, आणि टपरीवरचा सल्ला तिच्यापुरता खरा ठरतो.

ड्रॅग रेडियल घेणार असाल तर मोठ्या रेशोला वाव मिळतो, पण मग टायरऐवजी दुसरं काहीतरी सुटतं: हाफ शाफ्टची स्प्लाइन, युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस, नाही तर पिनियनचा दात. आकडा मोठा म्हणजे पिनियन बारीक, दाते कमी. आठ दात्यांचा पिनियन अकरा दात्यांच्या पिनियनइतका मार खात नाही. प्रॉपेलर शाफ्टखाली पोलादी लूप लावाच. पुढचा जॉइंट तुटून शाफ्टचं टोक जमिनीत रुतलं तर गाडी उलटू शकते.

६. बाजारात जे मिळतं त्यात बसवा

हिशोबाने ३.५५ आला म्हणून तो दुकानात टांगलेला नसतो. आपल्या हाउसिंगमध्ये बसणारे दोन, फार तर तीन रेशो मिळतात: त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचे, पेट्रोलचे-डिझेलचे. त्यातला जवळचा घ्यायचा आणि उरलेला फरक टायरने भरून काढायचा.

समजा ४१/११, म्हणजे ३.७३ मिळाला. आहे त्या टायरवर १५० ला तिसऱ्यात आरपीएम होतो ६८३०. लिमिटर ६८००. गेलं काम. आता मागे २०५/६५आर१५ लावा: व्यास ६४७ मिमी, चाल १.९७ मीटर. आरपीएम ६६०० वर येतो. बसलं. टायर मोठा करणं म्हणजे रेशो तेवढाच लहान करणं. पट्टीवरही हीच युक्ती वापरता येते; हाउसिंगपेक्षा चाक बदलणं केव्हाही सोपं.

कामठी रोडला ऑटोमोटिव्ह चौकाच्या बाजूला, वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात, जुने भाग उतरवून विकणाऱ्यांकडे चौकशी केली तर माल निघतो. तिथे तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे काढू नका.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, जोडी. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले असतात, जात्याच्या दोन तळ्यांसारखे. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन दाते मोजून जुळला तरी जुळत नाही. आवाज करतो आणि दात खातो. दोघांवर कोरलेला जोडीचा नंबर असतो. ग्रीस आणि काळा थर बसलेला असतो, म्हणून तो दिसत नाही. डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन क्राउनची कड आणि पिनियनचं तोंड पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. बारीक कोरलेले आकडे वर येतात. दोन्हीकडे एकच नंबर असेल तरच पुढचं बोलणं. विकणारा म्हणेल, "भाऊ, एकाच गाडीतून काढला आहे." असेलही. नंबर दाखव म्हणा.

दुसरी, दात्यांचा पृष्ठभाग. नख फिरवा. टवके, खड्डे, जळल्यासारखा निळा रंग असेल तर सोडून द्या.

तिसरी, कॅरिअर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो भाग. काही हाउसिंगमध्ये ठरावीक रेशोच्या पलीकडे क्राउनची जाडी बदलते आणि डिफरन्शियलचा कॅरिअरही बदलावा लागतो. शक्य असेल तर अख्खं सेंटरच (कॅरिअर, क्राउन, पिनियन सगळं एकत्र) घ्या. पैसे थोडे जास्त जातात, डोकं शाबूत राहतं.

"डिफ वेल्ड करून टाकू, दोन्ही चाकं ओढतील" हा सल्लाही इथेच मिळेल. सरळ पट्टीवर ते चालतं. पण मग ती गाडी रस्त्यावर वळणात मागून फेकते आणि हाफ शाफ्टवर सतत पीळ पडतो. गाडी रोज चालवायची असेल तर एलएसडीसाठी पैसे जमवा, तोवर उघडं डिफ राहू द्या.

७. फिटिंग: इथे घाई करणाऱ्या मिस्त्रीकडे जाऊ नका

क्राउन-पिनियन बसवणं म्हणजे बोल्ट आवळणं नव्हे. पिनियन किती आत बसतो हे शिमवर ठरतं, बेअरिंगचा ताण क्रश स्लीव्हवर (आवळताना दबणाऱ्या नळीवर) आणि दात्यांमधली मोकळीक बाजूच्या ॲडजस्टरवर. ही मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, कारच्या मापाच्या हाउसिंगमध्ये साधारण ०.१५ ते ०.२० मिमी असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. हाताने हलवून "ठीक आहे" म्हणणारा मिस्त्री नको. त्याच्याकडे डायल गेज आहे का, हे आधी विचारा. हिंगणा एमआयडीसीत जॉब-वर्क करणाऱ्या वर्कशॉपमध्ये अशी मापं घेणारी माणसं सापडतात.

निळ्या रंगाची परीक्षा समोर उभं राहून करून घ्या. क्राउनच्या तीन-चार दात्यांना रंग लावतात, क्राउनला थोडा अडसर देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवतात, आणि रंग जिथे पुसला जातो तिथे दाते भेटतात. ठसा दात्याच्या मधोमध, लांबट अंड्याच्या आकाराचा हवा. तो दात्याच्या टोकाकडे सरकला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, शिम वाढवायची. मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे. दात्याच्या रुंद बाजूला सरकला तर मोकळीक जास्त आहे. माझ्या ओळखीचे एक जुने मिस्त्री या कामाला बसले की कुणाशी बोलत नाहीत. शिम काढतात, घालतात, पुन्हा निळं लावतात, आणि ठसा मध्यावर आला की एवढंच म्हणतात, "आता आवाज नाही येत भाऊ." येत नाहीच.

क्रश स्लीव्ह, सील आणि पिनियनचा नट प्रत्येक वेळी नवीन. एकदा दबलेली स्लीव्ह पुन्हा वापरली तर बेअरिंगचा ताण राहत नाही.

तेल हायपॉइड गिअरचं (अशा तिरप्या दात्यांच्या क्राउन-पिनियनचं), जीएल-५ दर्जाचं. गिअरबॉक्सचं उरलेलं जीएल-४ "तेच तर आहे" म्हणून ओतू नका. दात्यांवरची घसट ते सोसत नाही. एलएसडी असेल तर त्याचं ॲडिटिव्ह वेगळं.

मग गाडी थेट पट्टीवर न्यायची नाही. पंधरा-वीस मिनिटं हलक्या पायाने चालवा, हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा तसंच. काही शे किलोमीटरनंतर तेल बदला आणि काढलेल्या तेलात बोटं घालून पाहा. बारीक चकचकीत पावडर चालते. हाताला टोचेल असा कण आला तर हाउसिंग परत उघडा.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसमधून निघत असेल तर रेशो बदलल्यावर काटा खोटं बोलायला लागतो. आकडा वाढवला असेल तर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. कमी केला असेल तर कमी दाखवतो, आणि कॅमेऱ्याचं चलान घरी आल्यावर कळतं. जीपीएसवर ताडून घ्या.

आणि ही गाडी चालवतच लोणावळ्यापर्यंत न्यायची असेल तर पाचव्याचा हिशोबही करा. १०० च्या वेगाला ३.५५ वर इंजिन २६३० वर फिरतं, ४.९७ वर ३६९० वर. शिवमडक्याहून समृद्धी धरून तासन्तास ३७०० वर, तेही मे महिन्यात. पेट्रोल, कान आणि इंजिन, तिघांनाही विचारून घ्या. मोठा रेशो टाकलेली गाडी ट्रेलरवर गेलेली बरी.

८. पट्टीवर पडताळा

पहिल्या धावेत वेळेकडे पाहू नका. दोनच गोष्टी टिपा: रेषेवर आरपीएम किती होता, आणि पहिल्या ६० फुटांचा वेळ. आरपीएमसाठी लॉगर किंवा टॅकोकडे तोंड केलेला मोबाइल. रेषेवर काटा वाचायला ड्रायव्हरला सवड नसते.

रेषेवरचा आरपीएम हिशोबाशी जुळला नाही तर दुरुस्ती सोपी आहे:

नवा रेशो = आताचा रेशो × हवा असलेला आरपीएम ÷ आलेला आरपीएम

३.५५ वर ६५०० ऐवजी ६१०० आला, तर ३.५५ × ६५०० ÷ ६१०० = ३.७८. म्हणजे ३.७३ चालेल, किंवा टायर ६ टक्के लहान. पण त्याआधी खात्री करा की धाव स्वच्छ होती. शिफ्ट चुकली किंवा टायर फिरत राहिले तर आरपीएमही कमी येतो, आणि तो रेशोचा दोष नसतो. निदान तीन धावांचे आकडे जवळजवळ आल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

६० फुटांचा वेळ खराब आहे आणि टायरचा धूर निघतो, तर हवा आणि क्लच सोडण्याचा आरपीएम आधी बदला. वेळ खराब आहे पण टायर जराही सुटत नाही आणि इंजिन घुसमटतं, तर सुटण्याचा आरपीएम वाढवा. तरीही घुसमटलं, तरच मोठ्या रेशोचा विचार करा.

काढलेला जुना सेट भंगारात देऊ नका. ग्रीस लावा, क्राउन आणि पिनियन तारेने एकत्र बांधा, शिम त्याच पुडीत ठेवा आणि पुडीवर दाते, शिमची जाडी आणि बॅकलॅश लिहा. गाडी परत रोजच्या वापराची करायची झाली तर मिस्त्रीचं अर्धं काम त्या पुडीवरच लिहिलेलं असेल.